विमान प्रवाशांच्या माहितीची परदेशी शासनांशी देवाणघेवाण आणि खासगीपणाचा अधिकार

विमान प्रवाशाने तिकीट काढताना दिलेली माहिती विमान कंपनीने प्रवाशाच्या स्वतःच्या देशाच्या किंवा तो ज्या देशात जाणार आहे त्या देशाच्या शासनाला पुरवणे, हा आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाचा आता नेहमीचा भाग झाला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने ही माहिती कायद्याने मागण्यास सुरुवात केली. त्यानंतर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी तशाच व्यवस्था उभारल्या. भारताने ८ ऑगस्ट २०२२ रोजी यासाठी स्वतःचे विनियम अधिसूचित केले. दहशतवाद आणि तस्करीच्या तपासात या माहितीचा उपयोग झालेला आहे. मात्र ज्यांच्यावर कोणताही संशय नाही अशा प्रवाशांच्याही नोंदी वर्षानुवर्षे साठवल्या जात असल्याने या व्यवस्थेला खासगीपणाच्या मुद्द्यावर न्यायालयांत आव्हाने दिली गेली. महाराष्ट्राचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याची पूर्वतयारी करणाऱ्या डेव्हिड हेडलीचा माग काढताना अशाच नोंदींचा आधार घेतला गेला. आणि परदेशांत शिकणाऱ्या किंवा स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या नोंदीही त्याच संगणकांत साठत असतात.

नोंदीचे स्वरूप

'पीएनआर' हा शब्द मराठी वाचकांना रेल्वेच्या तिकिटावरील दहा अंकी क्रमांकामुळे परिचित आहे. विमानाच्या तिकिटावर तो अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा असतो. हा क्रमांक म्हणजे केवळ एका नोंदीचा पत्ता होय. त्यामागील नोंदीत प्रवाशाचे नाव, तिकीट कधी व कोणामार्फत काढले, पैसे कोणत्या कार्डाने भरले, संपर्काचा दूरध्वनी व ईमेल, संपूर्ण प्रवासमार्ग, सोबतचे प्रवासी, आसन, सामान, तसेच जेवण व साहाय्यासंबंधीच्या विशेष विनंत्या इतका तपशील असू शकतो. ही नोंद विमान कंपनीच्या व्यवहारासाठी तयार होते. तिच्यातील बहुतेक मजकूर प्रवाशाने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी सांगितलेला असतो आणि तो कोणी पडताळून पाहिलेला नसतो.

याहून वेगळी अशी आगाऊ प्रवासी माहिती पारपत्रावरून घेतली जाते. तिच्यात नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व आणि पारपत्राचा क्रमांक एवढाच मजकूर असतो. प्रवासी कोण आहे, हे ती माहिती सांगते. तो कोणाबरोबर, कोणाच्या पैशाने आणि कशा रीतीने प्रवास करतो, हे मात्र आरक्षणाच्या नोंदीतूनच कळते. म्हणून तपास यंत्रणांना आरक्षणाची नोंद अधिक मोलाची वाटते आणि खासगीपणाचा वादही मुख्यतः तिच्याचभोवती आहे.

जगभरातील आरक्षणाचा मोठा भाग अमाडियस, सेबर आणि ट्रॅव्हलपोर्ट या तीन वितरण जाळ्यांतून होतो. यांपैकी पहिल्याचे मुख्यालय माद्रिदमध्ये आणि दुसऱ्याचे अमेरिकेतील टेक्सास राज्यात आहे. त्यामुळे महाराष्ट्रात काढलेल्या तिकिटाची नोंद कोणत्याही शासनाने मागण्यापूर्वीच देशाबाहेरच्या यंत्रणेत गेलेली असू शकते.

भूमसारख्या गावातून होणारे आरक्षण

धाराशिव जिल्ह्यातील भूम हे बालाघाटाच्या डोंगररांगेतील तालुक्याचे गाव आहे. खव्याच्या व्यवसायासाठी हा परिसर ओळखला जातो. गावात विमानतळ नाही आणि ते लोहमार्गावरही नाही. परदेशी जाणाऱ्याला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. अशा गावातील प्रवाशाची नोंद कशी तयार होते, हे पाहिल्यास तिच्या मर्यादा स्पष्ट होतात.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेल्या वृद्ध दांपत्याचे उदाहरण घेता येईल. त्यांचे तिकीट बहुधा ती दोघे स्वतः काढत नाहीत. ते बार्शी, सोलापूर किंवा पुण्याचा एजंट काढतो, नाहीतर परदेशातील मुलगा आपल्या कार्डाने काढतो. संपर्काच्या रकान्यात एजंटाचा किंवा पुण्यातील भाच्याचा मोबाइल क्रमांक पडतो. एकाच एजंटाच्या क्रमांकाखाली वर्षभरात शेकडो अनोळखी प्रवासी येऊ शकतात. सामाईक दूरध्वनी, सामाईक कार्ड आणि सामाईक पत्ता यांवरून माणसामाणसांतील दुवे शोधणे हे अशा माहितीच्या विश्लेषणाचे एक प्रमुख तंत्र आहे. शहरातील एकट्याने आरक्षण करणाऱ्या प्रवाशापेक्षा मध्यस्थावर अवलंबून असलेल्या ग्रामीण प्रवाशाच्या नोंदीत असे निरर्थक दुवे अधिक निर्माण होतात.

विशेष विनंत्यांच्या रकान्याचेही तसेच आहे. इंग्रजी येत नाही, मोठ्या विमानतळावर वाट चुकेल, विमान बदलता येणार नाही, या भीतीने अनेक कुटुंबे धडधाकट आईवडिलांसाठीही चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवतात. खुर्ची ढकलणारा कर्मचारी थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो, एवढाच त्यामागचा हेतू असतो. नोंदीत मात्र 'डब्ल्यूसीएचआर' हा संकेत उमटतो आणि तो वाचणाऱ्याला ती आरोग्यविषयक माहिती वाटते. जेवणाच्या संकेतांतून धर्म सूचित होतो: मुस्लिम भोजनासाठी 'एमओएमएल', जैन भोजनासाठी 'व्हीजेएमएल'. भूम तालुक्यातच कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. तेथील भाविकाने मागितलेले जैन भोजन त्याची श्रद्धा खरोखरच सांगते. पण कांदा-लसूण वर्ज्य असलेला एखादा वारकरीही तेच भोजन मागवू शकतो. म्हणजे या रकान्यातून संवेदनशील माहिती उघडी पडते, आणि ती चुकीची असण्याचा संभवही तेवढाच राहतो.

नावांच्या बाबतीत मराठी प्रवाशाची अडचण जुनीच आहे. व्यक्तीचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी रीत पाश्चात्त्य अर्जांच्या दोन रकान्यांत नीट बसत नाही. शिवाय पवार किंवा चौधरी यांसारखी आडनावे रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात. यादीतील नावाशी जुळणी करणाऱ्या संगणकाला यांतील कोणताही फरक कळत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अभिनेता शाहरुख खान याला अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळावर थांबवून चौकशी करण्यात आली. आपल्या आडनावामुळे हे घडले, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ती नेहमीची तपासणी असल्याचे सांगितले. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत अशी घटना वृत्तपत्रांपर्यंत पोहोचते आणि दूतावास हस्तक्षेप करतो. सामान्य प्रवाशाला आपल्याला का थांबवले, हेही बहुधा कळत नाही.

अमेरिकेची मागणी आणि युरोपचा प्रतिकार

अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००१ रोजी विमान वाहतूक व परिवहन सुरक्षा कायदा संमत झाला. त्यानुसार अमेरिकेत येणाऱ्या परदेशी विमानांच्या कंपन्यांवर प्रवाशांच्या नोंदी सीमाशुल्क विभागास उपलब्ध करून देण्याचे बंधन आले. सुरुवातीच्या काळात अमेरिकी अधिकारी विमान कंपन्यांच्या संगणकांत थेट शिरून माहिती काढून घेत. पुढे युरोपच्या आग्रहामुळे कंपनीने ठरावीक माहिती स्वतः पाठवण्याची पद्धत स्वीकारली गेली. हा बदल वरकरणी तांत्रिक वाटतो, पण काय द्यायचे यावरचा ताबा त्यामुळे पाठवणाऱ्याकडे राहिला.

युरोपातील कंपन्यांपुढे पेच होता. माहिती द्यावी तर युरोपीय कायद्याचा भंग, न द्यावी तर अमेरिकेत उतरण्याचा परवाना धोक्यात. त्यातून २८ मे २००४ रोजी युरोपीय समुदाय आणि अमेरिका यांच्यात करार झाला. युरोपीय न्यायालयाने ३० मे २००६ रोजी त्यास मंजुरी देणारे निर्णय रद्द केले. हा खासगीपणाचा विजय म्हणून अनेकदा सांगितला जातो, पण तो निकाल चुकीच्या कायदेशीर आधारावर उभ्या असलेल्या निर्णयांविरुद्ध होता. खासगीपणाच्या मूळ प्रश्नात न्यायालय शिरले नव्हते. २००६ व २००७ च्या करारांनंतर सध्याचा करार १ जुलै २०१२ पासून लागू झाला. त्यानुसार सहा महिन्यांनंतर नोंदीतील ओळख झाकली जाते, पाच वर्षे नोंद वापरात राहते आणि त्यापुढे आणखी दहा वर्षे मर्यादित वापरासाठी ठेवली जाऊ शकते.

खासगीपणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे निकाली निघाला. २६ जुलै २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने कॅनडाशी होऊ घातलेला करार मूलभूत हक्कांशी विसंगत ठरवला. देश सोडून गेलेल्या आणि ज्याच्यावर संशय नाही अशा प्रवाशाची माहिती पुढेही ठेवण्यास आधार नाही, हे त्यातील एक महत्त्वाचे कारण होते. त्यानंतर बेल्जियममधील एका मानवी हक्क संघटनेच्या याचिकेवर २१ जून २०२२ रोजी न्यायालयाने युरोपीय संघाच्या स्वतःच्या २०१६ च्या निर्देशाचाही संकुचित अर्थ लावला. माहितीचा वापर दहशतवाद व गंभीर गुन्ह्यांपुरताच असावा, सहा महिन्यांनंतर सर्वांच्या नोंदी सरसकट ठेवू नयेत आणि स्वतःच शिकत जाणाऱ्या संगणकीय प्रणालीकडून प्रवाशांची वर्गवारी करून घेऊ नये, असे त्या निकालात म्हटले आहे.

मराठी प्रवाशाच्या दृष्टीने या निकालाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याचे संरक्षण युरोपच्या नागरिकांपुरते मर्यादित नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते मिळते. या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या देशाने त्यासाठी कोणताही करार केलेला नसतो. अमेरिकेच्या बाबतीत स्थिती उलट आहे. तेथील १९७४ चा प्रायव्हसी ॲक्ट मुळात अमेरिकी नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवासी यांनाच न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार देतो. २०१६ च्या ज्युडिशियल रिड्रेस ॲक्टने तो अधिकार काही निवडक देशांच्या, मुख्यतः युरोपीय संघाच्या, नागरिकांना दिला; त्या यादीत भारत नाही. भारतीय प्रवासी आपल्या नोंदीची प्रत मागू शकतो आणि वारंवार अडवले जात असल्यास २००७ मध्ये सुरू झालेल्या प्रशासकीय तक्रार व्यवस्थेकडे जाऊ शकतो. ती व्यवस्था कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या प्रवाशाला खुली आहे. पण ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याकडे ती करायची असते.

मुंबई हल्ला आणि हेडलीचा माग

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ अमेरिकी शासन जी उदाहरणे देत आले आहे, त्यांत डेव्हिड कोलमन हेडलीचे नाव ठळकपणे येते. दाऊद गिलानी या मूळ नावाच्या या अमेरिकी नागरिकाने २००६ मध्ये नाव बदलले. नव्या नावाच्या पारपत्रावर त्याने हल्ल्यापूर्वी पाच वेळा भारतात येऊन मुंबईतील ठिकाणांची पाहणी व चित्रीकरण केले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्यानंतर हेडली डेन्मार्कमधील एका वृत्तपत्रावरील हल्ल्याच्या तयारीत होता. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने तेथील संसदेच्या समितीसमोर दिलेल्या माहितीनुसार तपासाच्या आरंभी हाती असलेला धागा अगदी तुटपुंजा होता: 'डेव्हिड' हे पहिले नाव आणि जर्मनीला जाण्याचा अनिश्चित बेत. प्रवासी नोंदी व अन्य माहिती एकत्र पाहिल्यावर त्याची पूर्ण ओळख पटली. ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर त्याला अटक झाली. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली.

या उदाहरणातून दोन्ही बाजूंना आधार काढता येतो. हेडलीला संगणकाने आपोआप संशयित ठरवले नव्हते. आधी गुप्तवार्ता होती, मग नोंदींत शोध घेतला गेला. म्हणजे सर्व प्रवाशांना गुणांकन लावून त्यांतून संशयित निवडण्याच्या पद्धतीचे हे समर्थन ठरत नाही. दुसरीकडे, हाती केवळ अर्धे नाव असताना शोध घेता आला, तो सर्वांच्या नोंदी साठवलेल्या होत्या म्हणूनच. ज्याचे नाव अजून माहीत नाही त्याचीच नोंद तेवढी मागवावी, असे म्हणता येत नाही. खासगीपणाच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादात हा भाग अनेकदा वगळला जातो. मात्र त्यातून नोंदी साठवण्याची गरज दिसली तरी त्या पंधरा वर्षे ठेवण्याची गरज दिसत नाही, कारण हेडलीच्या प्रकरणात शोध तत्कालीन प्रवासाचा होता.

भारताच्या दृष्टीने त्यात आणखी एक बाब आहे. हेडलीच्या भारतभेटींच्या काळात प्रवाशांच्या आरक्षणाच्या नोंदी एकत्र करून तपासणारी यंत्रणा भारतात नव्हती. जी माहिती मुंबईच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होती, तिचे विश्लेषण वॉशिंग्टनमध्ये झाले, तेही हल्ल्यानंतर.

भारतातील विनियम

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१ डिसेंबर २०१७ रोजी संमत केलेल्या ठराव क्रमांक २३९६ मध्ये सर्व सदस्य देशांनी प्रवासी नोंदी गोळा करून वापरण्याची क्षमता उभारावी, असा निर्णय झाला. भारताने त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाद्वारे सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये कलम ३०-क आणि ४१-क घालून येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाशांच्या नोंदी मागण्याचा अधिकार आधीच घेतला होता. २०२२ च्या विनियमांनी त्याची कार्यपद्धती ठरवली. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या अखत्यारीतील नॅशनल कस्टम्स टार्गेटिंग सेंटर – पॅसेंजर या केंद्राकडे विमान कंपन्यांनी उड्डाणाच्या किमान २४ तास आधी आणि पुन्हा उड्डाणाच्या वेळी नोंदी पाठवायच्या असतात. कसूर झाल्यास प्रत्येक वेळी २५,००० ते ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्ष अंमलबजावणी बरीच लांबली. १ एप्रिल २०२५ पासून नोंदी पाठवण्याची तयारी करण्यास कंपन्यांना सांगण्यात आले.

विनियमांत खासगीपणाच्या तरतुदी आहेत आणि त्यांची दखल घेतली पाहिजे. वंश, राजकीय मत, धर्म, कामगार संघटनेचे सदस्यत्व, आरोग्य किंवा लैंगिक जीवन उघड होईल अशा रीतीने नोंदींवर प्रक्रिया करण्यास मनाई आहे. दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षणाची तरतूद आहे. परंतु युरोपीय निकालाशेजारी ठेवून वाचले तर फरक दिसतो. युरोपात सहा महिन्यांनी ओळख झाकली जाते. भारतात नोंद पाच वर्षे ठेवली जाते आणि त्या मुदतीच्या अखेरीस ओळख झाकायची असते. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने झाकलेली ओळख पुन्हा उघडताही येते. भोजनाचा किंवा खुर्चीचा संकेत नोंदीसोबत येतोच. त्यावरून निष्कर्ष काढू नये, एवढीच अपेक्षा आहे.

परदेशी शासनांशी देवाणघेवाणीची वाटही याच विनियमांत आहे. भारतातील वा अन्य कोणत्याही देशातील कायदा-अंमलबजावणी संस्था किंवा शासकीय विभाग यांना प्रकरणागणिक माहिती देता येते. येथे 'प्रकरणागणिक' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकेला जाणारी माहिती प्रत्येक विमानागणिक, सर्व प्रवाशांची, थेट विमान कंपनीकडून जाते. म्हणजे भूमच्या प्रवाशाची माहिती परदेशी शासनाकडे दोन मार्गांनी जाऊ शकते. भारतीय विनियमांचा अंमल त्यांपैकी दुसऱ्या आणि अरुंद मार्गावरच चालतो. पहिला मार्ग गंतव्य देशाच्या कायद्याने चालतो, आणि त्याविषयी युरोपीय संघासारखा करार भारताने अमेरिकेशी केलेला नाही.

खासगीपणाचा अधिकार आणि २०२३ चा अधिनियम

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पोलिसी पाळतीसंबंधीच्या १९६० च्या दशकातील खरक सिंग खटल्यात या अधिकारास दिलेला नकार त्यामुळे रद्द झाला. या अधिकाराला मर्यादा घालायची तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी पीठाने सांगितली. प्रवासी नोंदींच्या विनियमांना कायद्याचा आधार आहे. तस्करी व दहशतवाद रोखणे हा हेतूही वैध आहे. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा, म्हणजे पाच वर्षांचा, सर्वांच्या नोंदींचा आणि परदेशी देण्याच्या व्याप्तीचा. युरोपीय न्यायालयाने केली तशी कलमवार छाननी भारतात झालेली नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ही पोकळी भरून काढत नाही. गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी होणारी प्रक्रिया त्याच्या बहुतेक बंधनांतून वगळली आहे आणि केंद्र शासन अधिसूचनेद्वारे आपल्या संस्थांना संपूर्ण सूट देऊ शकते. माहिती देशाबाहेर पाठवण्यास सर्वसाधारण मुभा आहे. शासनाने मनाई केलेल्या देशांपुरताच अपवाद आहे. या विषयावरील पहिला मसुदा २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात काम केलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिला होता. २०१९ च्या विधेयकात शासनाला दिलेल्या व्यापक सवलतींवर त्यांनी स्वतःच जाहीर टीका केली. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

साठवलेल्या माहितीची गळती

माहिती शासनाकडे जाते, एवढाच धोका नाही. ती जेथे जेथे साठते तेथून चोरीस जाऊ शकते. २१ मे २०२१ रोजी एअर इंडियाने जाहीर केले की, तिच्या प्रवासी सेवा प्रणालीचे काम पाहणाऱ्या सीटा या कंपनीवरील सायबर हल्ल्यात जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाधित झाली. २६ ऑगस्ट २०११ ते ३ फेब्रुवारी २०२१ या काळातील नोंदी त्यात होत्या: नाव, जन्मतारीख, संपर्क, पारपत्र व तिकिटाचा तपशील आणि क्रेडिट कार्डाची काही माहिती. ज्या प्रवाशाचा संपर्क म्हणून एजंटाचा ईमेल नोंदवला होता, त्याच्यासाठीची सूचनाही त्याच पत्त्यावर जाणार होती.

२०२३ च्या अधिनियमानुसार अशा गळतीसाठी कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. बाधित व्यक्तीला नुकसानभरपाई मिळवून देणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३-क मात्र याच अधिनियमाने वगळायचे ठरवले आहे.